दुमडीतला धागा

रफूमावशी आठ वर्षांची होती, तेव्हाची गोष्ट. तेव्हा तिला रफूमावशी कुणी म्हणत नव्हतं. आईच्या शिलाई मशीनखाली बसून लोहचुंबकानं फरशीवरच्या टाचण्या गोळा करणं, एवढंच तिचं काम. दुपारची वेळ होती. मशीन चालू होतं आणि मध्येच थांबलं. मशीन असं अर्ध्या शिवणीत थांबलं की समजायचं, एकतर दोरा तुटला, नाहीतर आईचं डोकं फिरलं.

"सही केलीत?" आईनं विचारलं.

"केली," वडील म्हणाले.

"कशावर?"

"कागदावर."

"सही कागदावरच करतात, एवढं मलाही कळतं. कागद कशाचा होता?"

पोरीला टेबलाखालून वडिलांचे पाय तेवढे दिसत होते. एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायावर घासत होता.

"घराचा?"

"अगं, नुसता जामीन राहिलोय. सख्खा भाऊ आहे तो माझा."

"भाऊ तुमचा. छप्पर दोघांचं. आणि ती टेबलाखाली बसलीय ना, तिचंही."

पोरीच्या हातातलं चुंबक खाली पडलं आणि गोळा केलेल्या टाचण्या घेऊन फरशीवर आपटलं.

चौदा महिन्यांनी दोन माणसं आली. एकाच्या हातात कागद, दुसऱ्याच्या हातात कुलूप. दोघं बोलायला अगदी गोड, पाणीसुद्धा मागून प्यायले. सामान हातगाडीवर चढलं, तरी आई आत केर काढत होती. वडील म्हणाले, "आता कशाला झाडतेस?" आई म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात कचरा टाकून जायची मला सवय नाही." वडिलांनी मान खाली घातली, ती पुढं जन्मभर फारशी वर आलीच नाही.

तेव्हापासून 'नुसता' हा शब्द कानावर पडला की ती हाताशी असेल ते घट्ट धरायची. डॉक्टर म्हणाले, नुसता ताप आहे, तरी ती भिंत धरायची.

पुढं ती रफूचं काम शिकली. कोटाला सिगारेटचं भोक पडलं, शालीला कसर लागली, पँट खिळ्याला अडकून फाटली, की लोक लाँड्रीत द्यायचे आणि लाँड्रीवाला ते तिच्याकडं पाठवायचा. ती जे करून द्यायची ते बघून माणूस विचारायचा, भोक नक्की कुठं होतं? हीच तिची कमाई आणि हीच तिची ऐट. नवरा छापखान्यात बाइंडर होता. दोघांनी मिळून दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या, कर्ज काढून. कर्ज काढायच्या दिवशी तिला ताप भरला होता. पण ते कर्ज घर घेण्यासाठी होतं. असलेल्या घरावरचं नव्हतं. हा फरक नवऱ्यानं तिला तीन रात्री समजावला, तेव्हा कुठं तिनं सही केली. पंधरा वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेच्या खिडकीवर जाऊन हप्ता भरला. नवव्या वर्षी नवरा गेला. उरलेली सहा वर्षं तिनं एकटीनं सुई चालवून भरली. शेवटी घराचे मूळ कागद हातात आले, तेव्हा तिनं ते एका पत्र्याच्या सुटकेसमध्ये घातले आणि सुटकेस कामाच्या टेबलाखाली सरकवली. काम करताना पाय त्यावर ठेवायची. लोकांना वाटायचं, मावशीचे पाय दुखतात. पाय बिय काही दुखत नव्हते. कागद जागेवर आहेत की नाहीत, ते ती तळपायानं तपासायची.

आता अशा बाईकडं तिचा मुलगा एक दिवस येऊन म्हणतो, "आई, घरावर कर्ज काढू या."

मुलगा फ्रीज दुरुस्त करायचा. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. लग्न झालेलं, बायको पाळणाघरात कामाला. सगळी त्या दोन खोल्यांतच राहायची.

"ऐक तरी," तो म्हणाला. "शेजारच्या गल्लीत दुकान मिळतंय. वीस लाख लागतील. हे घर असं उभं आहे. त्यात केवढा पैसा झोपलाय!"

"झोपू दे. फार कष्टानं झोपवलाय."

"मी भरणार आहे हप्ते. तुला काही करायचं नाही. नुसती सही."

सुई बोटात गेली. चाळीस वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. तिनं बोट तोंडात घातलं आणि मुलाकडं पाहिलं. गालफडं बसली होती. फोन टेबलावर पालथा ठेवला होता, आणि तो वाजला की मुलगा जिन्यात जाऊन बोलायचा. हे तिनं महिनाभर पाहिलं होतं. विचारलं मात्र नव्हतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथं अंथरूणच गहाण टाकायला निघाले होते. 'नाही' म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "बघू." आईच्या तोंडचं 'बघू' म्हणजे अर्धं 'हो', हे पोरं पाळण्यातच शिकून येतात.

इथंच तिची चूक झाली, आणि ती रफूवाल्या बाईच्याच हातून व्हावी अशी चूक होती. रफूचा पहिला नियम असा, की सुई लावायच्या आधी पांढऱ्या दोऱ्यानं भोकाभोवती रिंगण घालायचं. कारण भोक दिसतं त्यापेक्षा बोटभर मोठंच असतं. कडेचं कापड वरून धड दिसतं, पण आतून विरलेलं असतं. ते न बघता टाके घातले की चार दिवसांत सगळं पुन्हा उसवतं. परक्याच्या कोटाला तिनं हे रिंगण कधी चुकवलं नाही. पोटच्या पोराच्या बाबतीत मात्र भोक दिसलं आणि हात थेट सुईकडं गेला.

बँकेत कर्जाच्या टेबलावर चष्मा लावलेली एक बाई होती. वय फार नसेल, पण बोलणं हेडमास्तरासारखं. तिनं काळा लोकरी कोट घातला होता आणि कोटाच्या कोपराला मुगाएवढं भोक होतं. कसरीचं. रफूमावशीची नजर तिथून हलेना.

"उत्पन्नाचा पुरावा आणलाय?" चष्मेवालीनं विचारलं.

मावशीनं पिशवीतून एक जाडजूड वही काढली. ती उघडताच धाग्यांची बारीक लव उडाली आणि चष्मेवाली दोनदा शिंकली. वहीच्या प्रत्येक पानावर तारीख, तिच्यापुढं त्या त्या कपड्याच्या धाग्याचा तुकडा चिकटवलेला, आणि त्यापुढं मजुरी. करडा, करडा, तपकिरी, निळा. बावीस वर्षांचे धागे होते.

"हे काय आहे?"

"माझं उत्पन्न," मावशी म्हणाली. "आकड्यांत मी चुकेन, रंगात नाही."

"आई, अगं ते पासबुक दे," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

पासबुक बघून मात्र चष्मेवालीचा चेहरा बदलला. दर शनिवारी पैसे भरलेले, एकही शनिवार सुटलेला नाही. "वही सुंदर आहे, पण ती चालत नाही," ती म्हणाली. "हे चालतं. लाँड्रीकडून एक पत्र आणा. महिन्याला सोळा हजार धरते तुमचे. यांचे बेचाळीस. झाले अठ्ठावन्न. त्याच्या निम्मे, एकोणतीस हजार, हप्त्यापायी जाऊ शकतात असं आम्ही मानतो. त्याच्यावर जाऊ देत नाही."

"आणि उरलेल्या निम्म्यात?"

"तुम्ही जेवायचं, दिवे लावायचे, आजारी पडायचं. मग तुमचं वय. अठ्ठावन्न ना? सत्तरीच्या आत कर्ज फिटलं पाहिजे. म्हणजे बारा वर्षं. आणि मग घर. घराच्या किमतीच्या शंभरातले साठच देतो आम्ही, पूर्ण देत नाही."

"का?"

"किंमत उतरली तर बँकेला झळ लागू नये म्हणून."

"आणि आम्हाला लागली तर?"

चष्मेवालीनं चष्मा काढून पुसला. "तो प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायचा असतो, मावशी. बँक बँकेपुरतं बघते."

इतकं खरं कुणी बोलेल असं मावशीला वाटलं नव्हतं. खोटं बोलली असती तर बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

चार दिवसांनी घराची किंमत ठरवायला माणूस आला. हातात डबीएवढं यंत्र. त्यातून लाल ठिपका निघायचा आणि भिंतीवर जाऊन बसायचा. तो ठिपका कपाटावरून सरकला, नवऱ्याच्या फोटोवरून गेला, सुनेच्या ओढणीवर थांबला आणि मग मावशीच्या छातीवर आला. ती दचकून बाजूला झाली.

"काही होत नाही आजी, नुसता उजेड आहे," तो माणूस म्हणाला.

नुसता! ती खुर्चीत बसली.

त्यानं भिंतीवर टकटक केलं, खिडकीतून बाहेर डोकावला, मोरीतली ओल पाहिली. "साठ धरायला हरकत नाही," तो म्हणाला.

"साठ काय?"

"लाख."

"या दोन खोल्या? ओलीसकट?"

"नवा पूल झाला ना! इथून स्टेशन आता पाच मिनिटांवर."

भिंती त्याच, ओल तीच, दार अजून पावसाळ्यात अडायचं. बाहेर पूल झाला आणि आत बसल्या जागी ती साठ लाखांची बाई झाली, तिला पत्ताही न लागता. दुसरी एखादी हरखली असती. ही उलट धास्तावली. आजवर घर म्हणजे दोन खोल्या होत्या, त्यांच्यावर कोण डोळा ठेवणार? साठ लाखांवर मात्र कुणीही ठेवेल. त्या दिवसापासून ती दाराला आतून दोन कड्या लावू लागली.

"आई, अहो चोर घर उचलून नेत नाही," सून हसून म्हणाली.

"चोर नाही नेत," मावशी म्हणाली. "मी पाहिलेत नेणारे. पाणी मागून पितात."

सून हसायची थांबली. बराच वेळ ती कणीक मळावी तशी हातातला रुमाल मळत राहिली. काहीतरी बोलायचं होतं तिला, पण तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंबर बघून तिनं तो बंद केला, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मावशीनं तेही पाहिलं. तेव्हाही विचारलं नाही. भीती वाटली की माणूस विचारत नाही, हे तिला स्वतःकडं बघून कळलं. तिच्या आईनं निदान विचारलं तरी होतं.

आठवड्यानं बँकेतून बोलावणं आलं. चष्मेवालीसमोर एक कागद होता. तिनं मुलाकडं पाहिलं.

"दुसरं कुठलं कर्ज नाही, असं तुम्ही अर्जात लिहिलंय."

"हो," मुलगा म्हणाला.

"पाच आहेत."

टेबलावरचा पंखा तेवढा गरगरत होता. मावशीला वाटलं, आपण पुन्हा मशीनखाली बसलोय आणि वर कुणीतरी बोलतंय. तिनं खाली पाहिलं. मुलाच्या बुटाचं टोक दुसऱ्या बुटावर घासत होतं.

"चार फोनवरून घेतलेली, एक कार्डावरचं," चष्मेवाली वाचत होती. "मिळून साडेसहा लाख. महिन्याचे सतरा हजार हप्ते त्यातच जातायत, आणि दोनदा चुकलेत. म्हणजे एकोणतीसातून सतरा गेले, राहिले बारा. बारा हजारांच्या हप्त्यात वीस लाख बसत नाहीत. दहा कसेबसे बसतील."

"नवीन कर्जातून ही पाचही फेडून टाकली तर?" मुलगा घाईनं म्हणाला. त्यानं हे आधीच विचारून ठेवलेलं दिसत होतं. "मग सतरा हजार सुटतात ना?"

"सुटतात. मग वीस लाख मिळू शकतात. थोडी फिरवाफिरव करून मिळतील." चष्मेवालीनं आवाज खाली आणला. "पण मावशी, मी तुम्हाला एक सांगते आणि ते नीट ऐका. ही फोनवाली माणसं वाईट आहेत. शिव्या देतील, नातेवाइकांना फोन करतील. पण ती तुमचं घर घेऊ शकत नाहीत. ते कर्ज घराबाहेरचं आहे. ते फेडायला घरावर कर्ज काढलं, की तेच कर्ज घराच्या आत आलं. व्याज कमी होईल, शिव्या थांबतील. पण हप्ते चुकत गेले तर घर जाईल. आणि हे यांचं कर्ज, घर तुमचं."

"व्याज वाढतंही का?"

"वाढतं. आज दहा आहे. वर जाईल, खाली येईल."

"आणि किंमत?"

"तीही. पुलानं चढवली, उद्या पुलाखाली कचऱ्याचे डोंगर झाले की उतरेल. कर्ज मात्र उतरत नाही. ते भरल्याशिवाय हलत नाही."

मावशी त्या कोपरावरच्या भोकाकडं बघत राहिली. कुठंतरी बघायला हवं होतं. तिच्या तोंडून निघालं, "हे भरायला धागा कुठून घेतात, ठाऊक आहे?"

चष्मेवालीनं कोपर वळवून पाहिलं, लाजली. "बाजारातून?"

"बाजारातला कधी जुळत नाही. याच कोटातून घेतात. शिवणीच्या आत कापड दुमडलेलं असतं ना, तिथून एकेक धागा काढायचा. कुणाला दिसत नाही. पण दुमड असते चार बोटं. जास्त ओढलं की भोक बुजतं आणि शिवणच सुटते. मग भोक बरं होतं म्हणायची पाळी येते."

"अगदी तसंच," चष्मेवाली म्हणाली. "फक्त इथं काढलेला धागा परत भरावा लागतो. व्याजासकट."

"दुमड किती, ते तुम्ही सांगितलंत. भोक किती, ते मला घरी जाऊन बघायचंय," मावशी म्हणाली आणि उठली.

घरी आल्यावर तिनं दार लावलं, दोन्ही कड्या घातल्या, मुलाला कामाच्या टेबलासमोर बसवलं आणि सुनेलाही. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढून टेबलावर ठेवलं. कशासाठी ठेवलं ते तिचं तिलाच ठाऊक.

"बोल. पहिल्यापासून."

मुलगा बोलला. एका हॉटेलचं काम घेतलं होतं, अकरा फ्रीज आणि एक थंड खोली. सामान याच्या पैशानं. हॉटेलवाल्यानं काम करून घेतलं आणि पैसे बुडवून हॉटेलच बंद केलं. सामानवाल्याला द्यायला फोनवरून पहिलं कर्ज घेतलं. दोन बटणं दाबली आणि पैसे आले. त्याचा हप्ता भरायला दुसरं. दुसऱ्याचा भरायला तिसरं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरतेस."

"मग आता काय नाचतेय का मी?"

सून खाली मान घालून म्हणाली, "आई, ते मला पाळणाघरात फोन करतात. म्हणतात, घरी माणसं पाठवू."

मावशीनं पांढऱ्या दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "पाच झाली. अजून?"

"नाही."

"भोक दिसतं त्यापेक्षा बोटभर मोठं असतं. अजून?"

मुलगा रडकुंडीला आला. "एक आहे. कागदावर नाही. सामानवाल्याचेच चाळीस हजार राहिलेत."

"हं," मावशी म्हणाली. "आता झालं रिंगण पुरं."

तो म्हणाला, "आई, बँक वीस देतेय. साडेसहा फेडू, बाकीच्यात दुकान टाकू. दुकान चाललं की सगळं भरून निघेल. बँक काय मूर्ख आहे का द्यायला?"

"बँक मूर्ख नाही. तिच्याकडं माझं घर असणार आहे. तिला कसली काळजी?" आणि मग ती ओरडली. सुनेनं तिला ओरडताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. "दुकान चाललं की! चाललं की! तुझा आजोबा म्हणाला होता, भाऊ उभा राहिला की! माझी आई परक्या घरात झाडू मारत होती रे, आणि गाडीवाला खालून हाका मारत होता!"

मग ती बसली. तिला आईचं म्हणणं आठवत होतं, पण आईला जे कळलं नव्हतं तेही आता कळत होतं. वडिलांनाही तेव्हा भीती वाटलीच असणार. भाऊ दारात उभा, मागं माणसं लागलेली, आणि हातात एकच गोष्ट, घर. 'नाही' म्हटलं तर भाऊ जातो, 'हो' म्हटलं तर घर. आज तिच्यासमोर पोरगं बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बँकेत गेली.

"माझ्या एकटीच्या सोळा हजारांत किती बसतं?" तिनं चष्मेवालीला विचारलं. "मुलाचे धरू नका."

"पण त्यांचे धरले तर तुम्हाला..."

"तो उद्या पडला, पळाला, मेला, तरी माझ्या सुईनं फिटलं पाहिजे. तेवढंच सांगा."

चष्मेवालीनं हिशेब केला. निम्मे आठ हजार. साडेसहा लाखांना बारा वर्षं, हप्ता सात हजार सातशे सत्तर. बसत होतं, पण जेमतेम. घाम पुसायला थांबावं इतकीही जागा उरत नव्हती.

"तेवढंच द्या. आणि पैसे त्याच्या हातात नकोत, माझ्याही नकोत. तुम्हीच त्या पाच जणांना परस्पर द्या, आणि खातं बंद केल्याचं त्यांच्याकडून लिहून घ्या."

"वीस मिळत असताना साडेसहा मागणारं माणूस मी पहिल्यांदा पाहतेय," चष्मेवाली म्हणाली.

"बाई, मला साडेसहाचीही भीती वाटतेय," मावशी म्हणाली. "द्या कागद, नाहीतर पळून जाईन."

केलेली सही बँकेतल्या जुन्या सहीशी जुळेना. दुसऱ्यांदा करावी लागली, तिसऱ्यांदा करावी लागली. मग चष्मेवालीनं तिला पाणी दिलं. पाण्याचा पेला बघून मावशीला हसू आलं आणि रडूही. या वेळी पाणी पिणारी ती होती.

सुटकेसमधले कागद बँकेत गेले. मुलानं आपली मोटरसायकल विकून सामानवाल्याचे चाळीस हजार फेडले आणि तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून चालत कामाला जाऊ लागला. सहा महिने तो आईशी धड बोलला नाही. दुकान दुसऱ्या कुणीतरी घेतलं. ते चाललं की बुडालं, याची चौकशी मावशीनं कधी केली नाही आणि कुणाला करूही दिली नाही. सुनेचा फोन मात्र वाजायचा थांबला, आणि पाळणाघरातून येताना ती पुन्हा गुणगुणायला लागली.

चष्मेवालीचा कोट मावशीनं रफू करून दिला. मजुरी पूर्ण घेतली आणि काळा धागा वहीत चिकटवला. पुढं चष्मेवालीची बदली झाली.

भीती काही गेली नाही. कर्ज नवं होतं तेव्हा रोज वाटायची, मग आठवड्यातून. चौथ्या वर्षी बँकेचं पत्र आलं, व्याज वाढलं म्हणून. मुदत लांबवता येत नव्हती, कारण पुढं तिची सत्तरी उभी होती. म्हणून हप्ताच चारशे बारानं वाढला. ते पत्र तिनं तीन दिवस उशीखाली ठेवलं. मग लाँड्रीवाल्याकडून आणखी दोन शाली मागून घेतल्या. सातव्या वर्षी डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तेव्हा चार महिने सुईत दोरा ओवता येईना. त्या चार महिन्यांचे हप्ते मुलानं भरले. पाच तारखेला सकाळी तो पैसे आणून टेबलावर ठेवायचा, आणि ती ते घेऊन स्वतः बँकेत जायची. "मी भरून येतो की," तो म्हणायचा. ती म्हणायची, "तू दे. भरायचं मी बघते." ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, आणि पुन्हा वहीत धागे चिकटू लागले.

सुटकेस टेबलाखालीच होती. कागदांच्या जागी आता पावत्या होत्या. पाय ठेवला की पूर्वीसारखा भरीव आवाज यायचा नाही, म्हणून ती पाय जपून ठेवायची.

एकशे चव्वेचाळीस हप्ते होते. शेवटचे नऊ तिच्या नशिबी नव्हते. ते मुलानं भरले, त्याच खिडकीवर, रांगेत उभं राहून, आणि कागद घरी आणून सुटकेसमध्ये ठेवले. पण हे नंतरचं.

तिनं स्वतः भरलेल्या शेवटच्या हप्त्याची पाच तारीख उजाडली, तेव्हा मावशी एकोणसत्तर वर्षांची होती. सकाळी छातीत जरा जडपणा वाटत होता. सून म्हणाली, "आई, आज राहू द्या, उद्या जा." मावशी म्हणाली, "उद्या सहा तारीख असते."

तिनं आठ हजार एकशे ब्याऐंशी मोजले. पुन्हा मोजले. रुमालात बांधून पिशवीच्या तळाशी ठेवले आणि त्यावर लाँड्रीवाल्याचा तपकिरी कोट घडी करून घातला, म्हणजे चोराला वाटावं, म्हातारी कपडे घेऊन चाललीय. भिंतीला हात लावत दोन मजले उतरली. लाँड्रीत कोट दिला. लाँड्रीवाल्यानं तो उजेडात धरून फिरवला आणि नेहमीसारखं विचारलं, "भोक कुठं होतं, मावशी?" तिनं नेहमीसारखं सांगितलं, "सापडलं तर पैसे परत."

पुलाखालून जाताना ती दोनदा थांबली. बँकेच्या दारात पहारेकरी म्हणाला, "मावशी, अजून चालतच येता? आता लोक फोनवरून भरतात."

"फोनवरूनच तर गेलं होतं सगळं, बाबा," ती म्हणाली.

रांगेत पुढं चार माणसं होती. तिची पाळी येईपर्यंत तिनं पिशवीत हात घालून रुमालाची गाठ तीनदा चाचपली. खिडकीतल्या माणसानं पैसे मोजले, पावतीवर शिक्का मारला. शिक्का फिका उठला.

"जरा दाबून मारा," ती म्हणाली. "उद्या कुणी म्हणायला नको, भरले नाहीत."

त्यानं हसून पुन्हा मारला.

"किती राहिले?"

"नऊ, मावशी."

"नऊ," ती म्हणाली. पावतीची चार पदरी घडी घातली, रुमालात ठेवली, गाठ मारली आणि गाठ ओढून पाहिली. मग मागच्या माणसाला वाट करून देत बाजूला झाली, आणि सवयीप्रमाणे दाराशी थांबून पुन्हा एकदा गाठ सोडली. पावती आत होती. तिनं गाठ बांधली आणि घराकडं निघाली.